व्हायोलिनचे बालशिक्षण

साधारणपणे तीन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांना व्हायोलिनवादनाचे प्रारंभिक धडे देण्याची पद्धत. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसतात. त्यामुळे स्वराची नेमकी जागा मुलाला कानानेच शोधावी लागते, आणि त्याच वेळी उजव्या हाताने गज घोडीला (तारा पेलणाऱ्या लाकडी तुकड्याला) समांतर ओढावा लागतो. दोन्ही हातांना अशी सर्वस्वी वेगळी कामे असल्याने वाद्याचे माप व शरीराची ठेवण यांचा विचार येथे स्वरलिपीच्या आधी करावा लागतो.

लहान वाद्ये : मुलांसाठी वेगळी व्हायोलिने केव्हापासून घडवली जाऊ लागली, याबाबत मतभेद आहेत. इटलीतील क्रेमोनाच्या आमाती या वाद्यनिर्मात्या घराण्यातील जिरोलामो आमाती याचे १६१३ मधील एक छोटे व्हायोलिन आज उपलब्ध आहे. अशी वाद्ये बालवादकांसाठी होती, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती ‘व्हायोलिनो पिक्कोलो’ या उंच सुरात लावल्या जाणाऱ्या स्वतंत्र वाद्याची उदाहरणे होत. माँतेव्हेर्दीच्या ऑर्फेओ (१६०७) या संगीतिकेत छोट्या व्हायोलिनांचा निर्देश आहे. बाखच्या पहिल्या ब्रांडेनबुर्ग कंचेर्टोत (एकल वाद्ये व वाद्यवृंद यांसाठीची रचना; १७२१) हे वाद्य नेहमीच्या व्हायोलिनपेक्षा तीन अर्धस्वरांनी वर लावलेले आहे. सतराव्या शतकापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात त्याच वाद्यांवर मुलांनी हात बसवला नसेल, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

अठराव्या शतकात चित्र स्पष्ट होते. प्रसिद्ध संगीतकार मोझार्टचा पिता लेओपोल्ट मोझार्ट याने १७५६ च्या आपल्या व्हायोलिनविषयक ग्रंथात पाव व निमव्हायोलिने अगदी लहान मुलग्यांसाठी वापरतात, असे नोंदवले आहे. मात्र बोटे पुरत असतील तर मुलाला पूर्ण मापाच्या वाद्याचीच सवय लावावी, असा त्याचा सल्ला होता. त्यामुळे बोटांमधील अंतर एकसारखे राहते व बोटे ताणण्याची सवय होते, हे त्याचे कारण. पिक्कोलोसाठी काही वर्षांपूर्वीपर्यंत कंचेर्टो रचले जात, असेही तो सांगतो. म्हणजे पिक्कोलो मागे पडत असतानाच ते छोटे वाद्य मुलांच्या हाती राहिले, असे या उताऱ्यावरून अनुमान करता येते. आजच्या पद्धतीने मात्र त्याचा सल्ला उलटवला आहे. वाद्य मोठे पडले की डावा खांदा वर चढतो, मनगट पट्टीखाली कोसळते, आणि या सवयी पुढे फार कष्टाने सुटतात.

प्रचलित मापे पूर्ण, पाऊण, निम्मे, पाव, एक-अष्टमांश, एक-दशांश व एक-षोडशांश अशी आहेत. हे अपूर्णांक शब्दशः घेऊ नयेत. पूर्ण व्हायोलिनच्या धडाची लांबी सुमारे ३५६ मिमी., निम्म्याची सुमारे ३१० व पावाची सुमारे २८० मिमी. भरते. निम्मे व्हायोलिन लांबीने सु. ८७ टक्के असते. घनफळाचा हिशेब केला तरी ते निम्मे होत नाही, दोन-तृतीयांशाच्या आसपास येते. ‘पाव’ तर जवळजवळ निम्मे भरते. तेव्हा ही नावे सांकेतिक मानणेच योग्य. कारागिरांनुसारही मापे थोडी बदलतात, म्हणून वाद्य नावावरून न निवडता मुलाच्या हाताला लावून पाहतात : डावा हात लांब करून बोटांनी वाद्याचे टोक धरता आले पाहिजे व तरी कोपरात किंचित बाक उरला पाहिजे.

माप बदलले की बोटांच्या जागाही बदलतात. मोकळ्या तारेपासून पहिल्या बोटाचा पूर्ण स्वर मोठ्या व्हायोलिनवर सु. ३६ मिमी. अंतरावर, तर पाव व्हायोलिनवर सु. २८ मिमी. अंतरावर येतो. वाद्य बदलल्यावर काही आठवडे मूल बेसूर वाजवते, त्याचे कारण हेच. तो मुलाचा दोष समजून टोकणे अन्यायाचे आहे. छोट्या वाद्याची खालची जाड तार मंद वाजते, हीदेखील लहान धडाची मर्यादा होय.

पहिले धडे : बहुतेक पद्धतींत सुरुवात आवाजाविना होते. मूल पाय किंचित फाकवून उभे राहते, वाद्य (किंवा त्याच्या आकाराचे खोके) खांद्यावर ठेवते आणि पेन्सिलीवर गज धरण्याचा सराव करते. अंगठा वाकलेला व करंगळी गोलसर टेकलेली हवी. अंगठा ताठ झाला की मनगटापर्यंत सारा हात आखडतो. सुझुकी पद्धतीत नवशिक्याचा अंगठा गजाच्या मुठीच्या आत न घालता बाहेरून, केसांच्या बाजूस टेकवतात. इतर काही शिक्षक गज मधल्या तोल-बिंदूजवळ धरायला लावतात, म्हणजे तो हलका भासतो. पट्टीवर बोटांच्या जागी चिकटपट्ट्या लावण्याची चाल सर्वत्र दिसते. डोळ्यांवरचा भार वाढून कान मागे पडतो, हा तिच्यावरचा आक्षेप रास्त आहे. पट्ट्या लवकर काढल्या तरच त्यांचा उपयोग.

पहिली गाणी बहुधा ए मेजरमध्ये (‘ए’ हा षड्ज मानणाऱ्या स्वरसप्तकात) असतात. ‘ए’ व ‘ई’ या दोन्ही तारांवर तेव्हा बोटांची रचना एकच राहते, दुसरे व तिसरे बोट जवळ येते, आणि मोकळ्या तारा षड्ज व पंचम म्हणून घुमत राहतात. मुलाला सूर जुळल्याची खूण त्या घुमण्यातून मिळते.

पद्धती : सामूहिक शिक्षणाचा एक आरंभ इंग्लंडमधील केंट परगण्यात मेडस्टोन येथे १८९७ मध्ये झाला. मर्डोक या कंपनीने तेथील शाळेतील मुलांना हप्त्यांवर वाद्ये पुरवली. पुढे हा प्रयोग देशभर पसरला व त्याचे पडसाद अमेरिकेतील शाळांतही उमटले. शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी १९४६ पासून जपानमधील मात्सुमोतो येथे निराळी वाट धरली. मूल मातृभाषा ऐकून, पुन्हा पुन्हा बोलून व घरच्यांच्या सहवासात शिकते; संगीतही तसेच शिकवावे, हे त्यांचे सूत्र. त्यामुळे ध्वनिमुद्रण रोज ऐकणे, पालकाने धड्याला बसणे व स्वरलिपी उशिरा आणणे यांवर भर राहिला. १९५८ मध्ये ओहायोतील ओबरलिन येथे जपानी मुलांच्या सामूहिक वादनाचा चित्रपट दाखवला गेला आणि अमेरिकेत या पद्धतीचा प्रसार सुरू झाला. पॉल रोलंड यांनी इलिनॉय विद्यापीठात तणावरहित हालचालींवर काम केले. हेलसिंकीत गेझा सिल्वाय यांनी हंगेरियन संगीतकार कोदाय यांच्या गायनाधारित शिक्षणपरंपरेवर आधारलेली, तारांना रंग देणारी ‘कलरस्ट्रिंग्ज’ पद्धत १९७० च्या दशकात आकारास आणली.

स्वरलिपी केव्हा शिकवावी, हा वाद अजून मिटलेला नाही. उशीर झाल्यास मूल केवळ पाठांतरावर चालते, असा आक्षेप सुझुकी पद्धतीवर घेतला जातो; रंगीत चिन्हांपासून सुरुवात करणारा मधला मार्ग त्याला बऱ्याच अंशी उत्तर देतो. सुरुवात नेमकी कोणत्या वर्षी करावी, यावर लेखकांनी बरीच शाई खर्च केली आहे. त्या मानाने रोजच्या सरावाला कोणी मोठे माणूस जवळ बसते की नाही, ही बाब अधिक निर्णायक दिसते.

कर्नाटक संगीतात वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकते व तारा सा-प-सा-प अशा लावतात. डाव्या हातावर वाद्याचा भार नसल्याने तो गमकांसाठी मोकळा सरकतो. येथे लहान मुलांनाही कंठसंगीतातीलच सरळी वरिसै (स्वरांचे प्राथमिक पाठ) वाजवायला देतात, आणि मूल ती आधी गाऊन मग तारेवर काढते.