डोंगरातले हिमजन्य खडक आणि विषुववृत्ताची खूण

डोंगरात हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांचे प्राचीन थर सापडल्याची बातमी आली, की ‘डोंगरावर बर्फ असायचाच, त्यात नवल ते काय?’ असे अनेकांना वाटते. हा समज मुळातच चुकीचा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स पर्वतरांग, कॅनडातील मॅकेन्झी पर्वत किंवा लघु हिमालयातील ब्लैनी स्तर, या ठिकाणचा 60 कोटी वर्षांहून जुना गाळ साचला तेव्हा आजचे हे डोंगर उभेच राहिलेले नव्हते. तो गाळ समुद्रात किंवा समुद्रकाठी साचला आणि पुढे भूकवचाच्या हालचालींनी उचलला गेला.

बर्फाची साक्ष खडकातच असते. अतिशय बारीक गाळाच्या पातळ थरांमध्ये मध्येच एखादा मोठा धोंडा रुतलेला दिसतो. त्याच्या खालचे थर दबून वाकलेले असतात आणि वरचे थर त्याच्या पाठीवरून अलगद पसरलेले असतात. इतक्या संथ पाण्यात एवढा धोंडा प्रवाहाने येणे शक्य नाही. तो तरंगत्या हिमखंडातून सुटून तळाशी पडला.

पण हा बर्फ ध्रुवाजवळचा कशावरून नव्हता? या प्रश्नाचे उत्तर देणारी पद्धत मला भूविज्ञानातील सर्वांत सुंदर पद्धत वाटते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विषुववृत्तावर जमिनीला समांतर असते, तर ध्रुवावर ते सरळ उभे असते. गाळ बसताना त्यातले हेमॅटाइटसारखे सूक्ष्म लोहयुक्त कण त्या क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि खडक घट्ट झाल्यावर तसेच राहतात. क्षेत्राचा हा कल म्हणजे नती. तिची स्पर्शज्या (त्रिकोणमितीतला टॅन) अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. म्हणजे 10 अंश अक्षांशावर कल सुमारे 19 अंश, तर 45 अंशांवर तो सुमारे 63 अंश भरतो. फ्लिंडर्समधील एलाटिना या हिमजन्य गाळाच्या स्तरातला कल अगदी कमी आहे. तो विषुववृत्तालगतचा अक्षांश दाखवतो. हे चुंबकत्व नंतर चढलेले असू शकते, ही शंका रास्तच होती. परंतु गाळ ओला असतानाच पडलेल्या त्यातील लहान घड्या गणिताने सरळ केल्या, की विस्कटलेल्या चुंबकीय दिशा पुन्हा एका रेषेत येतात. म्हणजेच चुंबकत्व घडीच्या आधीचे आहे. शिवाय याच स्तरात भरती-ओहोटीच्या लयीत साचलेले थर आहेत. विषुववृत्ताजवळ, समुद्रसपाटीला बर्फ होता!

भूवैज्ञानिक जोसेफ किर्शव्हिंक यांनी 1992 मध्ये या अवस्थेला ‘हिमगोल पृथ्वी’ म्हटले. अशी दोन मोठी हिमयुगे मानली जातात: पहिले सुमारे 71.7 ते 66 कोटी वर्षांपूर्वीचे, तर दुसरे सुमारे 63.5 कोटी वर्षांपूर्वी संपलेले. धर्मग्रंथांतील महाप्रलयाची ही ‘वैज्ञानिक पुष्टी’ असल्याचे सांगणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की तो प्रसंग पाहून सांगायला तेव्हा माणूस तर सोडाच, साधा मासाही नव्हता.

एरवी खडकांची झीज हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. बर्फाखाली ती जवळपास थांबली, त्यामुळे ज्वालामुखींतून येणारा हा वायू हवेत साचत गेला आणि अखेर त्याने अडवून धरलेल्या उष्णतेने बर्फ वितळला. त्या कढत्या काळाची खूण एलाटिनाच्या लगेच वर आहे: फिकट रंगाचा, उष्ण समुद्रात साचलेला डोलोमाइट, म्हणजे चुनखडीसारखा खडक. फ्लिंडर्समधील एनोरामा ओढ्याकाठी या डोलोमाइटच्या तळाशी एडियाकरन या भूवैज्ञानिक कालखंडाची सुरुवात 2004 मध्ये अधिकृतपणे निश्चित झाली. तिथे खडकात ब्राँझची एक छोटी चकती बसवलेली आहे. तिच्या खाली हिमयुगाचा गाळ आहे आणि वर डोलोमाइट.