गूढ शब्दकोड्यातला न्याय: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गूढ शब्दकोड्यातलं एक शोधसूत्र पाहा: 'गरीब उलटून झालेलं वाहतं पाणी (2)'. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. अशा सूत्राचा एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो, ती व्याख्या; उरलेला भाग शब्दखेळ. इथे 'वाहतं पाणी' ही व्याख्या. गरीब म्हणजे दीन, तो उलटा वाचला की नदी. आता हेच शोधसूत्र असं लिहून पाहू: 'गरीब उलटला की वाहू लागतो'. कानाला हे जास्त गोड लागतं, पण 'वाहू लागतो' हे क्रियापद आहे आणि नदी हे नाम. मग उत्तर नदी कसं? किंवा 'कोकणातला गरीब उलटून झालेलं वाहतं पाणी' असं लिहिलं, तर 'कोकणातला' या शब्दाचं तिथे काम काय? सोडवणारा त्याच्यामागे धावत राहतो आणि हाती काहीच लागत नाही.

गूढ कोड्यांवरचे वाद वर्षानुवर्षं अशाच बारकाव्यांवर होत आले आहेत. कोडं अवघड आहे ही कुणाची तक्रार नसते. तक्रार असते ती 'फसवलं' ही.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन यांनी पहिलं कोडं छापलं. विन मूळचे लिव्हरपूलचे. त्यांची सूत्रं सरळ अर्थाची होती, त्यामुळे न्याय-अन्यायाचा प्रश्नच नव्हता. हे वेड अमेरिकेत पसरलं तेव्हा लंडनच्या 'टाइम्स'ने 1924 मध्ये 'गुलाम झालेली अमेरिका' अशा मथळ्याखाली त्यावर टीका केली. पण 1925 मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने कोडं सुरू केलं आणि 1 फेब्रुवारी 1930 ला 'टाइम्स'लाही ते करावं लागलं. त्यांचे पहिले कोडेकार एड्रियन बेल यांनी तोवर स्वतः एकही शब्दकोडं सोडवलं नव्हतं.

कोड्याला गूढ वळण दिलं ते एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी. हे कवी आणि अनुवादक होते. बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चा इंग्रजी भावानुवाद त्यांनीच केला. 1926 पासून ते 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश साप्ताहिकात 'टॉर्केमादा' या नावाने कोडी देऊ लागले. टॉर्केमादा हा स्पेनच्या धर्मन्यायालयाचा क्रूर प्रमुख, आणि सोडवणाऱ्यांचा छळ करायचा हा इरादा त्या नावातच होता. सरळ सूत्र त्यांनी जवळजवळ हद्दपारच केलं. त्यांची विद्वत्ता अफाट होती, पण सूत्राने नेमकं काय सांगायला हवं याचा नियम कुठेच नव्हता. कधी कवितेची अर्धी ओळ, कधी दूरचा संदर्भ. उत्तर कळल्यावरही 'हे कसं?' हा प्रश्न शिल्लक राहायचा. माझ्या मते हीच खरी खूण आहे: न्याय्य सूत्राचं उत्तर सापडलं की शंका उरत नाही.

पहिला नियम सांगितला तो ए. एफ. रिची यांनी. इंग्लंडमधल्या वेल्स गावच्या कॅथीड्रल शाळेचे हे मुख्याध्यापक 'अफ्रीत' या नावाने कोडी रचत. 1949 च्या आपल्या कोडेसंग्रहात त्यांनी कोडेकाराला बजावलं की, तू जे म्हणतोस ते तुझ्या मनात असायलाच हवं असं नाही, पण जे मनात आहे ते तू म्हटलेलं असायलाच हवं. या एका वाक्यात सगळा करार आहे. वाचणाऱ्याला चकवा द्यायची मुभा आहे, पण त्या चकव्याच्या खाली खरा अर्थ शब्दशः लिहिलेला पाहिजे.

मॅथर्स 1939 मध्ये वारले. 'ऑब्झर्व्हर'ची गादी क्राइस्ट्स हॉस्पिटल शाळेतले ग्रीक-लॅटिनचे शिक्षक डी. एस. मॅकनट यांच्याकडे आली. त्यांनीही नाव घेतलं ते धर्मन्यायालयाच्या प्रमुखाचंच, 'झिमेनीस'. पण स्वभावाने ते व्याकरणाचे मास्तर होते. ते वाचकांना एक शब्द देऊन त्याचं सूत्र लिहायला सांगत आणि आलेल्या सूत्रांवर सविस्तर टिपण पाठवत. कुठलं का चुकलं, कुठलं थोडक्यात हुकलं, सगळं त्यात असे. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. सोडवणारेच रचू लागले, आणि रचताना न्यायाची भाषा शिकले.

मॅकनट यांचं 1966 चं पुस्तक या वादाची संहिता ठरलं. अक्षरांची उलटापालट करायची तर ती अक्षरं सूत्रात डोळ्यांसमोर हवीत. आधी समानार्थी शब्द ओळखा आणि मग त्याची अक्षरं विस्कटा, हे चालणार नाही. मॅकनट 1971 मध्ये गेले. पुढच्या वर्षी आलेल्या जोनाथन क्राउदर यांनी 'अझेद' हे नाव घेतलं. देझा या आणखी एका धर्मन्यायाधीशाचं नाव रोमन लिपीत उलटं केलं की ते होतं, आपल्या दीन-नदीसारखंच. सगळे नियम त्यांनी तीन गोष्टींत आणले: अचूक व्याख्या, न्याय्य शब्दखेळ, आणि याशिवाय काहीही नाही.

हे सगळ्यांना मान्य नव्हतं. 'गार्डियन'चे जॉन ग्रॅहम, म्हणजे लाडके 'अरॉकेरिया', मोकळ्या हाताने लिहीत. त्या मोकळ्या पंथातलं नेहमीचं उदाहरण म्हणजे गेट्सहेड हे गाव. 'गेटचं डोकं' अशी फोड करून त्यातून 'जी' हे अक्षर घ्यायचं. मराठीत 'गजमुख' एकत्र लिहून 'ग' मागण्यासारखंच हे. कडक पंथ म्हणतो, 'गजाचं मुख' असं सुटं लिहा. मला गजमुख चालतो. तिथे सोडवणाऱ्याला फोड करण्याचा आनंद आहे, आणि फोडीचे दोन्ही तुकडे समोरच आहेत. 'वाहू लागतो' मात्र चालत नाही, कारण तिथे व्याख्याच खोटी आहे.

मराठीत सूत्रं रचणाऱ्याला यापुढचा एक प्रश्न पडतो, जो इंग्रजीत कधी आला नाही. 'दिवस उलटून झालेलं वाहतं पाणी' चालेल का? दिवस म्हणजे दिन, तो उलटला की 'नदि', आणि नदीतला 'दी' दीर्घ आहे. वेलांटीकडे काणाडोळा करणारे पुष्कळ भेटतील. मी ते सूत्र परत पाठवीन. शेजारी 'दीन' तयार असताना 'दिन' कशाला?