छळाच्या नोंदी वाढल्या म्हणजे छळ वाढला का?

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात विवाहितेच्या छळाचे गुन्हे वाढले, की ‘अत्याचारांत वाढ’ अशी बातमी होते. त्या आकड्यातून खरं तर एवढंच कळतं, की पोलीस ठाण्यात नोंद झालेल्या बायका वाढल्या.

घरात काय घडतं ते मोजायची रीत वेगळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या एकाच बाईला बाजूला बसवून विचारतात. ‘नवरा त्रास देतो का?’ असं मोघम विचारलं तर ‘नाही, बरं चाललंय’ हेच उत्तर यायचं. म्हणून एकेक कृती विचारतात: थापड मारली का, हात पिरगळला का, केस ओढले का, ढकललं का? मधेच सासू येऊन बसली, तर हे प्रश्न थांबवायचे. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या साधारण २५ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्या ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नाही, कुणाला सांगितलंही नाही.

जी ठाण्यात पोचते, तिचीही आकडेवारीत गणती होईलच असं नाही. बऱ्याचदा आधी अर्ज घेतात, मग नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समुपदेशन. तडजोड झाली की अर्ज निकाली. गुन्हा दाखल नाही, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात ती बाई नाहीच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेला अर्जही गुन्हा म्हणून मोजत नाहीत. संरक्षणाचा आदेश मोडला तरच गुन्हा.

त्यात बीडच्या ऊसतोड बायकांचं काय? नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी; मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही जोडीवर. सहा-सहा महिने फडावर, परक्या जिल्ह्यात. तिथे मार खाऊन ती माहेरी निघाली तर जोडी फुटते, उचल मात्र अंगावर राहते. ती गप्प बसते यात नवल नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, तो जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. माहेरी आसऱ्याला आलेल्या बाईला तिथेच तक्रार करता येईल, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. हे फडापर्यंत पोचायला हवं.

पंचायतींत महिला आरक्षण आल्यावर स्त्रियांवरील अत्याचारांच्या नोंदी वाढल्या, असं भारतातल्याच एका अभ्यासात दिसलं. अभ्यासकांच्या मते ही वाढ मुख्यतः तक्रार करायचं बळ आल्यामुळे होती. म्हणून एखाद्या जिल्ह्यात गुन्हे कमी दिसले, तर अर्ज किती आले, त्यातले किती तडजोडीत मिटवले, आणि २००५ च्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किती बायका गेल्या, हे तीन आकडे आधी मागावेत.