पारिझियन की पारिझिएन?

फरक एका अक्षराचा, 'य' की 'ए'. पण 'मिशाळ पारिझिएन चित्रकार' असं कुणी लिहिलं, तर त्या बिचाऱ्याला लुगडं नेसवल्यासारखं होतं.

'पारिझियन' हा इंग्रजीतला शब्द. पॅरिसचा, पॅरिसची, पॅरिसचं, सगळ्यांना चालतो, आपल्या 'पुणेकर'सारखा. 'पारिझिएन' मात्र फ्रेंच आणि स्त्रीलिंगी, म्हणजे 'पुणेकरीण'. इंग्रजीने तो पॅरिसच्या बाईसाठी जसाच्या तसा उचलला. फ्रेंचमधलं त्याचं पुल्लिंगी रूप ऐकू येतं 'पारिझिॲं'. तिथे शेवटचा न नाकातच विरतो, बाईच्या शब्दात तो खणखणीत उमटतो. १९४४ साली सुरू झालेलं तिथलं वर्तमानपत्र 'ल पारिझिॲं', कारण वर्तमानपत्र त्यांच्याकडे पुल्लिंगी.

खरी गंमत पुढे आहे. फ्रेंचमध्ये 'पारिझिएन' दिसलं की बाईच असेल असं नाही. ओफेनबाखच्या १८६६ मधल्या संगीतिकेचं नाव 'ला व्ही पारिझिएन', म्हणजे पॅरिसमधलं जीवन. 'व्ही' स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही तसंच. 'काळी माती' म्हणताना आपण तरी कुठे मातीला बाई समजतो? फ्रेंच लोक 'पॅरिसची बाई' या अर्थाचं नाम मोठ्या अक्षराने सुरू करतात आणि 'पॅरिसचं' या अर्थाचं विशेषण लहान. देवनागरीत ती सोय नाही, त्यामुळे आपल्याला संदर्भच बघावा लागतो. मला विचाराल तर साध्या मराठी वाक्यात 'पॅरिसकर' लिहावं आणि मोकळं व्हावं.

फक्त एका ठिकाणी ते पुरत नाही. 'ला पारिझिएन' म्हटलं की नुसता पत्ता सांगितला जात नाही, एक ऐट डोळ्यांसमोर येते. रेन्वारने १८७४ मध्ये निळ्या पोशाखातली एक नटी रंगवली आणि चित्राला तेच नाव दिलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या प्रवेशद्वारावर देवीबिवी न बसवता फॅशनेबल कपड्यांतली 'ला पारिझिएन' उभी केली होती. क्रीट बेटावर क्नोसोसच्या राजवाड्यात सापडलेल्या भित्तिचित्रातल्या लालचुटूक ओठांच्या बाईलाही हेच टोपणनाव मिळालं. ती रंगवली गेली सुमारे ३४०० वर्षांपूर्वी, पॅरिस वसायच्या कितीतरी आधी.