एफएसटॅब: जुनी फाइल, नवी शिस्त

पावसाळ्यात रत्नागिरी-मालवणकडे वीज दिवसातून चार वेळा जाते-येते. मग दुकानातला लिनक्स संगणक कधी कधी अर्ध्यावर अडतो: पडद्यावर सेकंद मोजले जातात आणि दीड मिनिट भरले की 'इमर्जन्सी मोड', म्हणजे फक्त दुरुस्तीपुरता कमांडचा पडदा. डिस्क गेली असे समजून नवी घेण्याआधी एफएसटॅब उघडून बघावी.

कोणते पार्टिशन (डिस्कचा भाग) कुठे जोडायचे हे सांगणारी ही फाइल १९८० च्या ४बीएसडी युनिक्सपासूनची. आज तिच्या ओळीत सहा रकाने असतात: डिस्कची ओळख, जोडायची जागा, फाइलसिस्टिम, पर्याय, डम्प (बॅकअपची खूण), तपासणीचा क्रम. घोळ होतो तो पहिल्या आणि चौथ्या रकान्यात.

लिनक्समध्ये आयडीई (जुन्या पद्धतीच्या) डिस्कचे नाव 'एचडीए' असे. ते केबल आणि जंपरवर ठरायचे, म्हणून टिकायचे. २००६-०७ च्या सुमारास त्या डिस्कही 'एसडीए' झाल्या. ही अक्षरे सापडतील त्या क्रमाने मिळतात. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केले तरी 'एसडीबी'चे 'एसडीसी' होऊ शकते. त्यावर उपाय म्हणून यूयूआयडी, म्हणजे फॉरमॅट करताना पार्टिशनला मिळणारा खास क्रमांक, लिहिण्याची पद्धत रुळली. पण पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केले की यूयूआयडी बदलतो आणि फाइलमध्ये जुनाच राहतो. 'बीएलकेआयडी' ही कमांड चालवून दोन्ही ताडून बघावेत.

पूर्वी माउंट (पार्टिशन जोडणे) फसले तर सुरुवातीची स्क्रिप्ट कुरकुर करून पुढे जाई (तपासणी फसली तर मात्र तीही अडून बसे). २०१० मध्ये सुरुवातीची कामे सांभाळणारे सिस्टिमडी आले. ते एफएसटॅबची प्रत्येक ओळ आवश्यक मानते आणि डिस्कची ९० सेकंद वाट बघते. बाहेरची डिस्क असेल तर चौथ्या रकान्यात 'नोफेल' (न सापडल्यास पुढे जा) हवेच, जोडीला 'एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट' (वाट बघण्याची मर्यादा) दहा सेकंदांचा ठेवावा. बदल केल्यावर लगेच रीस्टार्ट करू नये. आधी फाइल तपासणारी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' कमांड, मग ओळी जोडून बघणारी 'माउंट -ए'. चूक असली तर तिथेच दिसते.

विंडोजबरोबरच्या एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम) पार्टिशनचे दुखणे वेगळे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप'मुळे शटडाउन पूर्ण होतच नाही; हे फास्ट स्टार्टअप आधी बंद करावे. वीज गेल्यावर याच पार्टिशनवर 'डर्टी' (तपासणी बाकी) अशी खूण राहते. लिनक्सचा जुना एनटीएफएस-३जी ड्रायव्हर अशा वेळी बरेचदा निभावून न्यायचा. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ मध्ये आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर सरळ नकार देतो, म्हणून ओळ तीच असूनही अपडेटनंतर माउंट बंद पडते. 'फोर्स' हा पर्याय लावून ढकलू नये. विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क ही डिस्कची तपासणी पूर्ण होऊ द्यावी, आणि तेवढा वेळ यूपीएसवर काढावा.