कौशेय: कोशात नेमकं काय होतं?

विदर्भातल्या ऐन-अर्जुनाच्या जंगलात मिळणाऱ्या टसर रेशमाला आजही ‘कोसा’ म्हणतात. सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘रेशीम’ हा शब्द फारसीकडून आलेला. त्याच्या आधीचा संस्कृत शब्द ‘कौशेय’, आणि कोसा त्याच घराण्यातला. दोन्हींच्या मुळाशी ‘कोश’ आहे, म्हणजे अळीने स्वतःभोवती विणलेलं वेष्टण. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश सरळच सांगतो, ‘कौशेयं कृमिकोशोत्थम्’, म्हणजे कौशेय किड्याच्या कोशापासून निघतं.

व्याकरणकारांचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. पाणिनीने ‘कोशाड्ढञ्’ (4.3.42) हे सूत्र ‘त्यात संभवलेलं’ या अर्थाच्या प्रकरणात घातलं. म्हणजे कोशात होतं ते कौशेय. पाणिनीच्या सूत्रांवरच्या पतंजलीच्या महाभाष्यात यावर आक्षेप येतो: वस्त्र कुठे कोशात होतं? तो तर कोशाचा विकार, कोशापासून बनवलेली वस्तू. (आक्षेप रास्तच. कोशात खरोखर होतो तो पतंग, आणि सूत्र शब्दशः घेतलं तर कौशेय त्यालाच म्हणावं लागेल!)

आता अळीलाच विचारू. तिच्या शरीरात दोन लांब ग्रंथी असतात. त्यांत फायब्रोइन नावाचं प्रथिन दाट द्रवाच्या रूपात साठलेलं असतं. अळी इंग्रजी आठचा आकडा काढावा तशी डोकं फिरवत राहते आणि द्रव तोंडाजवळच्या बारीक छिद्रातून ओढला जातो. या ताणाने त्याचे रेणू एका दिशेला रांगेत बसतात आणि द्रवाचा चिवट धागा होतो. नुसतं वाळून हे घडत नाही. दोन ग्रंथींचे दोन तंतू सेरिसिन या नैसर्गिक डिंकाने जोडलेले असतात. तुतीवरच्या अळीच्या एका कोशात असा अखंड धागा साधारण एक किलोमीटर भरतो. कोश गरम पाण्यात टाकला की डिंक सैलावतो आणि धागा उलगडता येतो.

म्हणजे धागा कोशाच्या आधीचा, कोशच धाग्याचा विकार! वस्त्रापुरतं मात्र महाभाष्याचं म्हणणं टिकतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कौशेय आणि चीनपट्ट (चीनचं रेशमी वस्त्र) यांची नावं शेजारी शेजारी, पण वेगवेगळी येतात. इथल्या रानटी रेशमाचा माग तर त्याहून कितीतरी मागे जातो. सिंधू संस्कृतीतल्या हडप्पा आणि चन्हुदारो इथल्या दागिन्यांना चिकटून राहिलेल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या तंतूंची तपासणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले काही टसरच्याच कुळातल्या पतंगांचे निघाले.