शिधा आहे, पण शिजवणार कोण?

गंभीर आजाराने घरातच अडकून पडलेल्या रुग्णांना त्यांच्या पथ्याचं जेवण दारात नेऊन देणाऱ्या संस्था आज अमेरिकेच्या अनेक शहरांत आहेत. कर्करोग, हृदयविकार, डायलिसिसवरचे रुग्ण अशा सगळ्यांना त्या जेवण पुरवतात. या कामाची मुळं मात्र एड्सच्या साथीत आहेत.

घरपोच जेवणाची पद्धत त्याआधीही होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या स्वयंसेविकांनी ती रुजवली, १९५४ मध्ये ती फिलाडेल्फियात आली आणि 'मील्स ऑन व्हील्स' म्हणून अमेरिकाभर पसरली. पण तिचा रोख वृद्धांवर होता. १९८१ पासून एड्सचे जे रुग्ण दिसू लागले, त्यांत तरुण पुरुषांचा भरणा होता. अनेकांना घरच्यांनी दूर लोटलं होतं. तोंडात बुरशीचा संसर्ग, गिळताना आग, सततचे जुलाब यांनी शरीर झिजत जायचं. १९८७ पर्यंत एड्सच्या विषाणूवर एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं. अशा वेळी पोटात चार घास जाणं किती मोलाचं होतं, हे आजाऱ्याची उस्तवार केलेल्या कुणालाही सांगायला नको.

सॅन फ्रान्सिस्कोच्या रूथ ब्रिंकर तेव्हा साठी ओलांडलेल्या आजी होत्या. त्यांच्या ओळखीच्या एका रुग्णाला मित्र पाळीपाळीने जेवण नेऊन देत. एखाद्याची पाळी चुकली की तो माणूस उपाशी राहायचा. हे पाहून १९८५ मध्ये ब्रिंकरबाईंनी सात रुग्णांसाठी स्वयंपाक सुरू केला. त्यातून 'प्रोजेक्ट ओपन हँड' उभं राहिलं.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये गंगा स्टोन एका एड्सग्रस्ताला वाणसामान द्यायला गेल्या. सामान पोचलं, पण ते शिजवायचं त्राण त्याच्यात नव्हतं. दुसऱ्या खेपेला त्या शिजवलेलं जेवण घेऊन गेल्या. 'गॉड्स लव्ह वुई डिलिव्हर' ही संस्था त्यातूनच निघाली. स्टोन या मुक्तानंद स्वामींच्या शिष्या. सत्तरच्या दशकात त्या आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीच्या आश्रमात राहिल्या होत्या. गंगा हे नाव त्यांना तिथूनच मिळालं. या इतिहासातला हा धागा आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही.

पुढच्या पाच वर्षांत लंडन, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस, बोस्टन, फिलाडेल्फिया इथेही अशी स्वयंपाकघरं सुरू झाली.

१९९६ च्या सुमाराला औषधांचे नवे संयोग आले आणि अमेरिकेत एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले. संस्थांकडे स्वयंपाकघरं होती, गाड्या होत्या, हाताशी स्वयंसेवक होते. हे सगळं गुंडाळून न ठेवता अनेक संस्थांनी इतर गंभीर आजारांच्या रुग्णांसाठीही दार उघडलं. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. तोवर आहारतज्ज्ञही कामात मुरले होते: मूत्रपिंडाच्या रुग्णाला मीठ आणि पोटॅशियम बेतानं, मधुमेह्याला पिष्टमय पदार्थ मोजून, गिळता येत नसेल त्याला सगळं मऊ वाटून. 'गॉड्स लव्ह'ने रुग्णाच्या लहान मुलांना आणि सांभाळणाऱ्यालाही जेवण द्यायला सुरुवात केली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरात पोरं उपाशी असताना आई एकटी जेवत नाही.

आता या जेवणाकडे उपचाराचा भाग म्हणून पाहिलं जातं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका अभ्यासात असं जेवण मिळणाऱ्यांचं रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण तशाच इतर रुग्णांपेक्षा ४९ टक्क्यांनी कमी आढळलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ती चाचणी नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय जेवणालाच देता येत नाही. तरीही या जेवणाचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न या अभ्यासामुळे ऐरणीवर आला. कॅलिफोर्नियात २०२२ पासून गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून अशा जेवणाचे पैसे देता येतात. मात्र ते द्यायचे की नाही, हे तिथेही विमा योजना चालवणाऱ्या कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेलं आहे.